सायटिका: घरी काय केलं, कशाने उतरलं, कशाने वाढलं? तुमचे अनुभव सांगा

डाव्या कुल्ल्यातून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट पायाच्या अंगठ्यात, असं गेले २३ दिवस चालू आहे. वय ४१, नाशिकला कॉलेज रोडला राहते, बँकेत नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, जेमतेम फूटभर वर गेला आणि वीज चमकल्यासारखं झालं. म्हणाले कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधल्या गाद्यांपैकी (डिस्क) एक नसेला टेकतेय, पण पावलाची ताकद शाबूत आहे, एमआरआयची लगेच घाई नको, बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत उतरतं, घरी नीट सांभाळा. आता हे नीट सांभाळा म्हणजे नक्की काय? सोसायटीत एक म्हणते झोपून रहा, दुसरी म्हणते तेल लाव, तिसरी म्हणते सूर्यनमस्कार घाल. रात्री दोन वाजता कूस बदलताना रडू येतं अक्षरशः. म्हणून हा धागा. ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला झालंय त्यांनीच लिहा, ऐकीव नको. काय केलं, कितव्या दिवशी फरक पडला आणि कशाने वाढलं तेही, कारण मला वाटतं ते जास्त महत्त्वाचं आहे.

अंबड, सीएनसी ऑपरेटर, वय ३४

ताई, मी यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. २०२२ ला झालं. खाली ठेवलेला जॉब (मशीनवर चढवायचा धातूचा तुकडा) उचलायला वाकलो, वजन फार नव्हतं, १५-२० किलो असेल, पण वाकल्या वाकल्या तसंच वळलो तिथं चूक झाली. तेव्हा नुसती उसण भरल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना शिंक आली आणि पायात असा करंट गेला की बेसिन धरून खालीच बसलो. मग काय, घरच्यांनी गादी काढून फळीवर झोपवलं, ११ दिवस. जेवण हातात, उठायचं फक्त बाथरूमला. बाराव्या दिवशी उठलो तर दुखणं होतं तसंच आणि वर पाय लटपटायला लागले.

मग सिडकोतल्या एका फिजिओ मॅडमकडे गेलो, त्यांनी पहिलं काम केलं ते झोपणं बंद. म्हणाल्या फार दुखत असेल तर एखाद-दोन दिवस आराम ठीक, त्यापुढे नाही. दर तासाला ५ मिनिटं घरातल्या घरात चालायचं, भले हळू. आणि पालथं झोपायचं. आधी नुसतं २-३ मिनिटं, ते जमलं की कोपरांवर उठून, ते जमलं की तळहात टेकून छाती वर, भुजंगासनासारखं पण कंबर आणि कुल्ले एकदम ढिले सोडून. १० वेळा, दर दोन-तीन तासांनी.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी कधी विसरणार नाही. दुखणं किती आहे हे बघू नका, कुठे आहे ते बघा. पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत असं वर वर सरकत असेल तर बरोबर चाललंय, कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. आणि खाली उतरायला लागलं तर तो व्यायाम तिथल्या तिथं बंद. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज तारखेच्या चौकोनात लिहायचो, पो म्हणजे पोटरी, मां म्हणजे मांडी, कु म्हणजे कुल्ला. पहिले ९ दिवस नुसते पो. मग दोन दिवस मां, परत एक पो (त्या दिवशी बाईकवरून सातपूरला गेलो होतो), मग मां मां मां. साधारण पाचव्या आठवड्यात नुसती कंबर उरली. ताई तुम्ही हे लिहून ठेवा, रोजच्या रोज काही कळत नाही पण आठवडाभराचं एकत्र पाहिलं की धीर येतो.

नाशिकरोड, निवृत्त, वय ६८

वरच्या दादांचं त्यांच्यासाठी बरोबर आहे पण माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून कृपा करून सगळ्यांनी एकच व्यायाम उचलू नका. मी प्रेसमधून रिटायर झालो, नोकरीभर उभं राहून काम. मला बसल्यावर काही नाही, चालायला लागलो की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, दुर्गा गार्डनपर्यंत जाईपर्यंत तीनदा थांबावं लागायचं, आणि थांबून कट्ट्यावर जरा पुढे वाकून बसलं की दोन मिनिटांत मोकळं. मॉलमध्ये ट्रॉली ढकलत चाललो तर मात्र अर्धा तास काही होत नाही. हे डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले हीच तुमची खूण आहे, वयामुळे मणक्यातली नसांची वाटच अरुंद झालीय, मागे वाकलं की ती अजून आवळते आणि पुढे वाकलं की जरा मोकळी होते. आणि मी मोबाईलवर बघून महिनाभर भुजंगासन करत होतो! रोज वाढत होतं आणि मला वाटायचं व्यायाम कमी पडतोय.

आता मी उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी घेतो, ५-५ वेळा सकाळ संध्याकाळ, आणि घरात जुनी व्यायामाची सायकल होती ती १५ मिनिटं. पूर्ण गेलं नाही, जाणारही नाही बहुधा, पण नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून येतो न थांबता.

धागाकर्ती

काका, हे लिहिलंत फार बरं झालं. माझं वाकल्यावर आणि बसल्यावर वाढतं, चालल्यावर कमी होतं, म्हणजे मी अंबडच्या दादांच्या बाजूची दिसतेय. आजपासून पालथं झोपून बघते. आणखी येऊ द्या.

दिंडोरी तालुका, द्राक्षबाग, वय ४६

ऑक्टोबर छाटणी झाली का आमचं ट्रॅक्टरवरून उतरणं बंद. फवारणीचा ब्लोअर घेऊन ओळीतून फिरायचं, बागेतली ढेकळं, पोटात आतडी हलतात तर कंबरेचं काय होत असंल. २०१९ ला उजवा पाय धरला. डॉक्टरकडं जायच्या आधी गावातल्याच लोकांनी सांगितलं अमुक ठिकाणी एक जण नस बसवतो, गेलो. त्यानं पालथं घालून कंबरेवर पाय देऊन पाय मागं ओढला, कडकन आवाज आला, तिथं बसलेले सगळे म्हणले बसली बसली. रात्रीतून टाचेपर्यंत बधिर. पुढचे दोन महिने चवड्यावर उभं राहता येत नव्हतं, स्लीपर पायातून निसटून जायची अन मला कळायचं बी नाही. तेव्हा नाशकात एमआरआय केला तर गादी चांगलीच बाहेर आलेली. ऑपरेशन टळलं पण ताकद यायला पाच महिने गेले. एक हंगाम बागेचं सगळं बायकोनं अन भावानं पाहिलं, ते मी विसरत नाही. कुणी कितीबी सांगितलं तरी झटका देऊन ओढून घेऊ नका, हात जोडून सांगतो.

आता सीटवर जाड फोम टाकलाय, दर पाऊण तासानं उतरून चार ओळी पायी चालतो, अन पहाटे उठल्या उठल्या वाकायचं नाही, तासभर तरी. रात्रभर आडवं असल्यानं मणक्यातली गादी पाणी धरून फुगलेली असते म्हणतात, तेव्हा वाकलं की जास्त ताण. धार काढायचं पण त्यामुळं पोराकडं दिलं.

पंचवटी, गृहिणी, वय ५७

मला १४ वर्षं डायबेटीस आहे म्हणून आधी हे वाचा. पाय ठणकायचा म्हणून गरम पाण्याची पिशवी पोटरीला लावून झोपले, पायाला मुळातच जाणीव कमी, सकाळी बघते तर हाताच्या तळव्याएवढा फोड. ती जखम भरायला सात आठवडे लागले, सायटिका त्याच्या आधी बरी झाली. शेक घ्यायचा तर कंबरेला आणि कुल्ल्याला, जिथून निघतं तिथे, मधे जाड पंचा, १५-२० मिनिटं, आणि झोपताना कधीच नाही. शुगर असेल तर कुणाला तरी हात लावून बघायला सांगा.

निर्गुडीचा पाला आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून, तव्यावर गरम करून पुरचुंडी बांधून शेकतात. मला त्याने बरं वाटायचं, स्नायू सैल पडायचे, झोप लागायची. त्याने गादी आत जात नाही हे मलाही कळतं पण रात्रीची दोन तासांची झोप मिळाली तरी दुसऱ्या दिवशी चालायला जीव राहतो. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, माणूस त्या पक्ष्यासारखा लंगडत चालतो म्हणून ते नाव पडलं असं सांगतात.

आता घरातलं सांगते कारण हे कुणी डॉक्टर सांगत नाहीत.
पोळ्या करताना ओट्याखाली छोटा पाट ठेवायचा आणि एक पाय त्यावर, दर पाच-सहा पोळ्यांनी पाय बदलायचा. केर आणि फरशी लांब दांड्याने, खाली बसून नाही. बादली पूर्ण भरायचीच नाही, दोन अर्ध्या करायच्या. भारतीय संडासाला प्लॅस्टिकची खुर्ची मिळते भोक असलेली, ती आणली. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथलं की कळ डोक्यात जाते. झोपताना कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांमधे उशी, उताणं असाल तर गुडघ्यांखाली लोड. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं, सरळ उठून बसायचं नाही. ताई, तू रात्री दोनला रडतेस ना, उशीचं आजच कर.

द्वारका, रिक्षा

मागच्या खिशात पाकीट. कागदं, लायसन, सगळं मिळून दीड इंच जाड, १२ तास त्याच कुल्ल्यावर बसायचो. पाकीट पुढच्या खिशात घेतलं, तीन आठवड्यांत मुंग्या गेल्या. मला गादीचा प्रॉब्लेम नव्हताच, कुल्ल्यातला स्नायू नसेवर दाबत होता. बसूनच घोट्यावर घोटा नाही, गुडघ्यावर घोटा ठेवून पुढे झुकायचं, ३० सेकंद, ते अजून करतो स्टँडवर.

इंदिरानगर, मुंबईला अप-डाउन, वय ३८

पंचवटी एक्स्प्रेसवाले समजून घेतील. बसून बसूनच झालं माझं. आधी वाटायचं सीट मिळाली म्हणजे नशीब, नंतर कळलं की नुसतं बसण्याने, त्यातही पोक काढून मोबाईल बघत बसण्याने गादीवर ताण येतो. आता छोटा टॉवेल गुंडाळून कंबरेच्या खळगीत ठेवतो, इगतपुरीला उठतो आणि घाट संपेपर्यंत उभाच. ग्रुपमधले सगळे ओळखतात आता, माझी जागा कुणालाही देतात तेवढ्या वेळात. कमरेचा पट्टा पण घेतला होता, प्रवासात दोन-चार आठवडे बरा वाटला, पण दिवसभर लावून ठेवायला लागलो तर काढल्यावर कंबर लुळी वाटायची म्हणून सोडला.

एक चूक सांगतो. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक (दुखणं थांबवायची गोळी) घ्यायचो रोज दोन, सव्वा महिना, कुणाला न विचारता, रिकाम्या पोटी पण. शेवटी संडास डांबरासारखी काळी झाली, हिमोग्लोबिन ८ वर, जठरात अल्सर. पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पाचच दिवस घ्या.

गंगापूर रोड, स्टाफ नर्स

सगळे घरच्या उपायांचं लिहिताहेत, मला घरी कधी थांबायचं नाही ते लिहायचंय, कारण आमच्याच घरात झालंय. माझ्या दिराला सायटिका होती, महिनाभर घरीच चाललं होतं, मधे मधे बरं वाटायचं. एका रविवारी दुपारी दुसरा पायही दुखायला लागला. संध्याकाळी जाऊबाई फोनवर सहज म्हणाल्या, यांना लघवीला होत नाहीये सकाळपासून, उन्हामुळे असेल. मी विचारलं, बसल्यावर खाली जाणवतंय का? तो म्हणाला, खुर्चीवर बसलोय का कापसावर तेच कळत नाही. मी त्याला जेवूही दिलं नाही, तसंच गाडीत घातलं. रात्री एमआरआय, पहाटे ऑपरेशन. मणक्याच्या शेवटाला नसांचा जो झुपका असतो तोच दबला होता. आज तो चालतो, लघवीचा कंट्रोल परत आला, पण यायला चार महिने लागले. डॉक्टर म्हणाले सोमवारपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

म्हणून पाठ करा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, संडासचा कंट्रोल जाणं, मांड्यांच्या आतली आणि खालची बसायची जागा बधिर होणं, दोन्ही पाय एकदम धरणं, पाऊल वर उचलता न येणं. यातलं एकही दिसलं तर शेक नाही, तेल नाही, उद्या नाही, रात्री असली तरी निघायचं. ताप किंवा वजन उतरणं सोबत असेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, आधी कॅन्सर झालेला असेल, तरी घरी प्रयोग नकोत.

ताई, तुम्ही रोज सकाळी टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं चालून बघा, भिंतीला हात लावून. जमतंय तोवर काळजी कमी.

येवला, पैठणीचं काम

आमचं मागावर पाय खड्ड्यात सोडून बसणं, आठ-नऊ तास. वडिलांना होती, मलाही झाली. बसायच्या फळीवर पुढे उतार येईल अशी पाचर मारली, गुडघे कुल्ल्यांपेक्षा खाली गेले, कंबर आपोआप सरळ राहते. धाग्याची दर कांडी संपली की उठतो. बाकी काही केलं नाही.

धागाकर्ती

१९ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे उपाय एकदम केले नाहीत, एकेक धरला. उशीचा फरक पहिल्याच रात्री, काकू तुम्हाला किती धन्यवाद देऊ. पालथं झोपणं पहिले चार दिवस नुसतं पडून, पाचव्या दिवसापासून कोपरांवर. एकदा उत्साहात तळहातांवर गेले तर कळ परत अंगठ्यात उतरली, लगेच मागे आले, दोन दिवसांनी परत जमलं. बँकेत उंच काउंटर मागितला, मॅनेजर सरांनी लगेच दिला, अर्धा वेळ उभी राहते. कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटे आधी एक फेरी मारायचे, आता तीन मारते, चौथीला कुल्ला बोलतो म्हणून तीनच. टाचा आणि चवडे रोज तपासते, दोन्ही जमतंय. पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे सहा आठवड्यांची तपासणी आहे, तेव्हा पाय किती वर जातो ते इथेच लिहीन.

कॅलेंडर फ्रीजवर लावलंय. कालच्या आणि आजच्या चौकोनात मां आहे. मुलीने विचारलं आई हे काय, तिला सांगितलं, आता रोज रात्री तीच पेन घेऊन येते आणि विचारते आज कुठे.