मदत हवी आहे: बाजारात हरलेली जॅग्वार एक्सई सेकंडहँड घ्यावी का?

पूर्व_उपनगर

नमस्कार मंडळी,

गाड्यांची जाण असलेल्यांचा सल्ला हवा आहे. विकणारे गृहस्थ महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत, म्हणून जरा घाई आहे.

गाडी २०१८ ची जॅग्वार एक्सई, पेट्रोल, एकाच मालकाची, अंधेरीतल्या एका सोसायटीत उभी असते. ४२ हजार किलोमीटर चाललेली. मागणी १६ लाखांची आहे, थोडे खाली येतील असं वाटतं. मी मुलुंडला राहते, ऑफिसला लोकलने जाते आणि पुढेही लोकलनेच जाणार. गाडी फिरेल ती शनिवार-रविवारी: माहेर नाशिकला, कधी पुणे, अटल सेतू झाल्यापासून अलिबागही. ड्रायव्हर ठेवायचा नाही, चालवणार मीच. मागच्या सीटवर बहुतेक वेळा सासूबाई.

गाडी चालवून पाहिली. जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईपर्यंत नेली आणि परत आणली, एवढंच. पण वळणावर स्टिअरिंगमधून रस्ता हाताला जसा कळतो, तसा मला आजवर कुठल्याच गाडीत कळला नव्हता. मला ही गाडी मनापासून आवडली आहे, हे आधीच सांगून टाकते.

घरच्यांचं मत वेगळं आहे. एवढ्याच पैशांत बीएमडब्ल्यू ३ सिरीज किंवा मर्सिडीज सी-क्लास मिळते, तीच घे, असं सगळे म्हणतात. दिरांचा प्रश्न तर असा आहे की मला उत्तर देता आलं नाही: "जी गाडी कंपनीलाच नीट विकता आली नाही, ती तू का घेतेस?"

म्हणून गेले काही आठवडे मी हेच वाचतेय, की एवढी चांगली गाडी हरली का. जे कळलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा.

या वर्गात बीएमडब्ल्यूची ३ सिरीज १९७५ पासून आहे. स्पोर्ट्स सेडान कशी असावी याचं माप तिनेच ठरवलं आणि बाकीच्यांना त्याच मापाने मोजलं गेलं. जॅग्वारचा स्वतःचा वारसा लहान नव्हता, १९५९ ची मार्क २ ही वेगवान चारदारी गाडीच होती. पण पुढे छोट्या सेडानची जागा कंपनीने कित्येक वर्षं रिकामी ठेवली. जॅग्वार फोर्डकडे होती त्या काळात, २००१ मध्ये, एक्स-टाइप आली ती फोर्डच्याच मॉन्डेओ या गाडीच्या सांगाड्यावर, आणि "ही कोट घातलेली फोर्ड आहे" हा शिक्का तिच्यावरून कधी पुसला गेला नाही. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. २००९ मध्ये एक्स-टाइप बंद झाली. त्यानंतर २०१५ पर्यंत या वर्गात जॅग्वारची गाडीच नव्हती. तेवढ्या काळात ३ सिरीज आणि सी-क्लास घेणारे दुसऱ्यांदा तीच घेऊन मोकळे झाले.

एक्सई बनवताना मात्र कंपनीने हात आखडता घेतला नाही. नवा सांगाडा, ७५ टक्क्यांहून जास्त अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, मागच्या चाकांना ताकद. इंजिनांसाठी वुल्व्हरहॅम्प्टनला नवा कारखाना काढला. हे सगळं वाचताना मला अभिमान वाटला, कारण बाबांची सगळी नोकरी टेल्कोत (टाटा मोटर्सचं जुनं नाव) गेली. भारतात गाडी २०१६ च्या ऑटो एक्स्पोत ३९.९० लाखांपासून आली आणि तिची जुळणी पुण्यात व्हायची.

पण वेळ वाईट होती. युरोपात तिचा मुख्य भर डिझेलवर होता आणि विक्री सुरू झाली त्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा उघडकीस आला. डिझेलवरचा लोकांचा विश्वास उडाला. त्याच सुमारास गिऱ्हाईक सेडान सोडून एसयूव्हीकडे वळलं. जॅग्वारची स्वतःची एफ-पेस २०१६ मध्ये आली आणि बघता बघता कंपनीची सर्वाधिक खपणारी गाडी झाली. म्हणजे एक्सईला शोरूममध्ये सख्ख्या बहिणीशीच लढावं लागलं. अमेरिकेतून ती २०२० च्या मॉडेलनंतर गेली, २०२१ मध्ये कंपनीने जॅग्वार २०२५ पासून फक्त इलेक्ट्रिक असणार असं जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये एक्सईचं उत्पादन संपलं.

आता माझे प्रश्न. मागची सीट आखडती आहे, डिकी लहान आहे, हे मी पाहिलं आणि मला चालणार आहे. पण बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट मुंबईत मिळतील का? जॅग्वार इथे नवी गाडी विकत नसेल तर सर्व्हिस सेंटर टिकतील का? वर्षाला किती खर्च धरून चालावा? आणि दिरांना काय सांगू?

---

खंडाळा_घाट

दिरांना सांगा की गाडी हरण्याची कारणं दोन प्रकारची असतात: नवीन घेणाऱ्याची आणि जुनी वापरणाऱ्याची. दोन्ही एक नाहीत.

भारतात एक्सई मुख्यतः मागच्या सीटवर हरली. इथे ४० लाखांची गाडी घेणारा बऱ्याचदा मागे बसतो. चीनसाठी जॅग्वारने लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे मागे पाय ठेवायला जागा जास्त) एक्सईएल काढली होती, २०१७ मध्ये. ती इकडे आली नाही. बीएमडब्ल्यूने मात्र जानेवारी २०२१ मध्ये ३ सिरीजची ग्रॅन लिमोझिन भारतात आणली, नेहमीच्या गाडीपेक्षा व्हीलबेस ११० मिलिमीटरने जास्त. एकाने इथलं गिऱ्हाईक कुठे बसतं ते पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मालक भारतीय होते.

पण तुम्ही पुढे बसणार आहात. तुमच्यासाठी ते कारण बाद. फक्त सासूबाईंना एकदा मागे बसवून बघा. गुडघ्यांपेक्षा दारातून आत शिरताना डोकं वाकवण्याचा त्रास होतो, छत मागे उतरतं आहे. हे त्यांच्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही.

---

गॅरेजवाला

ताई, मी पूर्व उपनगरातच काम करतो, युरोपियन गाड्या रोज हाताखालून जातात. पार्टचं सांगतो.

एक्सईचा सांगाडा एफ-पेस आणि रेंज रोव्हर वेलारशी एकाच घराण्यातला आहे. इंजिनंही त्याच कुटुंबातली. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा, आणि तेच घराणं ३ सिरीजमध्येही आहे. त्यामुळे फिल्टर, सेन्सर, इंजिनाचे पार्ट, गिअरबॉक्सचं ऑइल यांची मला काळजी वाटत नाही. लँड रोव्हर इथे जोरात खपतात, २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणीही पुण्यात सुरू झाली. सर्व्हिस सेंटर त्यांच्या जिवावर चालणार. लेबरचा दर मात्र रेंज रोव्हरवाल्यांच्या खिशाला बघून लावलेला असतो, ते ध्यानात ठेवा.

खरी अडचण बाहेरच्या अंगाची. हेडलाइट, टेललाइट, बंपर, बोनेट, काचा, हे फक्त एक्सईचं. ज्या गाड्या रस्त्यावर भरपूर, त्यांचे असे पार्ट कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधून निघतात. एक्सई मुळातच कमी विकली गेली, त्यामुळे तुटलेल्या गाड्याही कमी, आणि सेकंडहँड पार्टही कमी. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं डेंटिंग कुणाही पत्रेवाल्याला येत नाही. तिथे लोखंडाची हत्यारं आणि लोखंडाची सवय चालत नाही.

गाडी घेण्याआधी हे बघा:

इंजिन कुठलं आहे ते आरसी आणि चेसिस नंबरवरून पक्कं करा. २०१६-१७ च्या पेट्रोल गाड्यांत फोर्डकडून आलेलं २ लिटरचं टर्बो होतं, २०१८ च्या सुमारास जॅग्वारचं स्वतःचं इंजेनियम पेट्रोल आलं. तुमची गाडी नेमकी सांध्यावरची आहे. दोन्ही इंजिनं चालतात, पण पार्ट मागवताना घोळ होतो.

सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करून ऐका. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. कूलंटची पातळी आणि गळती बघा. पुढच्या लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) लिफ्टवर चढवून बघा, मुंबईच्या खड्ड्यांत तेच आधी जातात. चारही रिम आतल्या बाजूने वाकल्यात का ते चाक फिरवून तपासा. गिअरबॉक्सचं ऑइल बदललं आहे का विचारा. "लाइफटाइम आहे" असं उत्तर मिळालं तर ऐकून घ्या, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. कंपनीच्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरवर पूर्ण स्कॅन करून प्रिंट घ्या. साध्या स्कॅनरवर बिघाडाचे अर्धे कोड दिसतच नाहीत.

आणि पेट्रोल निवडलंत हे फार चांगलं केलंत. फक्त शनिवार-रविवारी, त्यातही अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो.

---

क्लेम_सर्व्हेअर

वरच्या प्रतिसादातली हेडलाइटची गोष्ट इन्शुरन्सशी जोडून बघा, कारण जुन्या दुर्मिळ गाडीचा खरा धोका तिथे आहे आणि घेताना कुणी त्याचा विचार करत नाही.

पाच वर्षांवरच्या गाडीला झिरो-डेप (घसारा न कापता क्लेम देणारं जादा कव्हर) सहज मिळत नाही, काही कंपन्या सात वर्षांपर्यंत देतात. तुमची गाडी त्यापुढे गेलेली असणार. झिरो-डेप नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के. काचेवर घसारा नाही. म्हणजे पुढून एक बरी धडक बसली, दोन दिवे, बंपर आणि बोनेट गेलं, तर बिलाचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून.

याहून महत्त्वाचं: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. आयडीव्ही कमी आणि पार्ट महाग, असं जमून आलं की चालण्यासारखी गाडीही कागदावर संपते. ३ सिरीजच्या बाबतीतही हे होऊ शकतं, पण तिथे स्वस्तातला पर्यायी पार्ट मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून सौदा करण्याआधी आयडीव्ही किती मिळेल याचं लेखी कोटेशन घ्या. पाच वर्षांपुढे आयडीव्ही विमा कंपनी आणि तुमच्यात ठरते. प्रीमियम वाचवायला ती खाली आणू नका.

इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्याच. पाण्यात गाडी बंद पडल्यावर परत स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी शिरून ते गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल ही पावसात तुंबणारी नावं मुंबईकराला सांगायला नकोत, आणि एक्सई जमिनीला लागून चालणारी गाडी आहे.

मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळणार नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्या.

---

आकडेमोड

पार्ट आणि सर्व्हिसची फार काळजी नको, या मताचा मी नाही. गाडी चांगली होती हे मान्य. पण कंपनीची अवस्था विसरू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये टाटा मोटर्सने एका तिमाहीत जवळजवळ २७ हजार कोटींचा तोटा दाखवला होता, तो मुख्यतः जेएलआरच्या (जॅग्वार लँड रोव्हर) मालमत्तेची किंमत खाली आणल्यामुळे. जॅग्वार आता याहून कितीतरी महाग इलेक्ट्रिक गाड्यांकडे निघाली आहे. जुन्या पेट्रोल सेडानच्या मालकासाठी त्या कंपनीकडे वेळ असेल का? माझं उत्तर: दहा वर्षं ठेवायची असेल तर ३ सिरीज. तीन-चार वर्षं ठेवायची असेल तर तुम्हाला आवडते ती.

आणि पुढे विकताना किंमत येईल असं धरू नका. तुम्हाला ती स्वस्त मिळतेय त्याच कारणाने ती पुढच्यालाही स्वस्त द्यावी लागेल.

---

पूर्व_उपनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मुद्देसूद कुठेच मिळालं नव्हतं.

आज बरंच केलं. सासूबाईंना अंधेरीला घेऊन गेले. खंडाळा_घाट यांनी सांगितलं तेच झालं, शिरताना त्यांना वाकावं लागलं, पण पुढच्या सीटवर त्या आरामात बसल्या आणि "मी इथेच बसणार" म्हणाल्या. तो प्रश्न सुटला.

सर्व्हिस सेंटरकडून एका हेडलाइटची किंमत आणि मिळायला किती दिवस लागतील हे लेखी मागितलं आहे. दोन विमा कंपन्यांना आयडीव्ही विचारली आहे. गाडी शनिवारी लिफ्टवर चढेल, मालक तयार आहेत, थंड इंजिनाचंही मान्य केलं. ठेवायची चार-पाच वर्षं असं ठरवलं आहे. लेक तेव्हा दहावीला असेल, मग तशीही मोठी गाडी लागेल. रीसेल शून्य धरूनच हिशेब मांडला आणि तो मला झेपतो.

एकच राहिलं. हेडलाइटची किंमत अव्वाच्या सव्वा निघाली, तर किती आकड्यावर मी मागे फिरावं?

---

क्लेम_सर्व्हेअर

दोन हेडलाइट, पुढचा बंपर आणि बोनेट, चारांची बेरीज लेबरसकट करा. ती आयडीव्हीच्या निम्म्यावर जात असेल तर सोडा, कारण मग मध्यम अपघातही टोटल लॉसच्या रेषेला टेकेल. तिसऱ्या हिस्स्याच्या आत बसत असेल तर बिनधास्त घ्या. मधे असेल तर तेवढा फरक मालकाकडून किमतीत कमी करून घ्या, आणि कोटेशनचा कागद समोर ठेवूनच बोला.