क्वांटम टनेलिंग समजावताना ‘उसनी ऊर्जा’ सांगावी का?

अणुरेणू : ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही सूक्ष्म कण अडथळ्यापलीकडे पोहोचतो, त्याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. त्याविषयी मराठीत लिहिताना एक स्पष्टीकरण हमखास दिले जाते: अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे (काही राशींच्या जोड्या एकाच वेळी नेमक्या ठरू शकत नाहीत, हा क्वांटम नियम) कण क्षणभर ऊर्जा उसनी घेतो, अडथळा ओलांडतो आणि ती लगेच परत करतो. हे स्पष्टीकरण आता सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

युरेनियम-२३८ च्या अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) असते. याच आकड्याने भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांना कोड्यात टाकले होते, कारण त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जेचे अल्फा कण बाहेरून युरेनियमवर सोडले, तरी विद्युत प्रतिकर्षणाचा अडथळा त्यांना परतवून लावत असे. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, हे कोडे सोडवले. कणाचे तरंगफलन (तो कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, हे ज्यावरून ठरते ते गणिती वर्णन) अडथळ्यात शिरताच शून्य होत नाही, ते झपाट्याने क्षीण होत जाते, आणि पलीकडे जे उरते त्यावरून कण बाहेर सापडण्याची संभाव्यता ठरते. या संपूर्ण गणितात कणाची ऊर्जा पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते. उसनवारीला त्यात कुठेच जागा नाही.

विज्ञानशिक्षिका : मी असहमत आहे. बारावीच्या मुलांपुढे तरंगफलन मांडले की ती ते पाठ करतात, पण त्यांच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही. उसन्या ऊर्जेवरून त्यांना निदान एवढे तरी उमगते की अडथळा जितका उंच आणि जाड, तितके पार होणे अवघड. ‘तरंगफलन क्षीण होते’ हे तरी त्यांच्या दृष्टीने स्पष्टीकरण कसे ठरते?

अणुरेणू : अवघड, पण किती अवघड? पोलोनियम-२१२ च्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ८.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे युरेनियमच्या जेमतेम दुप्पट. मात्र युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) सुमारे ४.५ अब्ज वर्षे आहे आणि पोलोनियम-२१२ चे सुमारे ०.३ मायक्रोसेकंद, हा फरक १० च्या २३ व्या घाताहून मोठा आहे. तरंगफलन घातांकी वेगाने क्षीण होते, हे एकदा मान्य केले की एवढी प्रचंड तफावत आपोआप बाहेर पडते. १९८१ मध्ये झुरिक येथे बिनिग आणि रोरर यांनी बनवलेला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकही याच गुणावर चालतो: सुईचे टोक आणि पृष्ठभाग यांतील अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की टनेलिंगचा प्रवाह सुमारे दहापट घटतो, म्हणूनच एकेका अणूचा उंचवटा त्याला टिपता येतो. उसनवारीच्या गोष्टीतून यातला एक तरी आकडा काढून दाखवावा.

विज्ञानशिक्षिका : आकडे निघत नाहीत, हे मान्य. परंतु टोरांटो येथे रुबिडियमच्या अतिशीत अणूंवर प्रयोग झाले, ज्यांत लेसरने अडथळा उभारून अणूंच्या स्पिनचाच (त्यांच्या एका अंगभूत, भोवऱ्यासारख्या क्वांटम गुणाचा) घड्याळासारखा उपयोग केला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अणूंनी अडथळ्यात सुमारे ०.६१ मिलिसेकंद काढले, आणि पुढे असेही दिसले की ऊर्जा कमी केली की हा वेळ घटतो. कर्ज मोठे असेल तर मुदत लहान, असेच माझे चित्र सांगते. मग ते अगदीच टाकाऊ कसे?

अणुरेणू : हा मुद्दा वजनदार आहे, आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. तरीही वेळ घटण्याचे कारण तरंगफलन कसे वागते हे सांगणाऱ्या श्रॉडिंगर यांच्या समीकरणातूनच मिळते: ऊर्जा कमी असेल तर तरंगफलन अडथळ्यात अधिक लवकर क्षीण होते, त्यामुळे अणू तिथे सापडण्याची संभाव्यताही कमी होते. शिवाय अनिश्चिततेचे तत्त्व ऊर्जेच्या अक्षय्यतेत सवलत देत नाही. अडथळ्याच्या आत कण नेमका पकडायचाच ठरवला, तर लागणारी ऊर्जा आपले मोजमाप त्याला देते, तो स्वतः ती कुठून आणत नाही. मुलांना मी फळ्यावर आधी अडथळा काढून दाखवीन, त्यात घसरत जाणारी रेषा काढीन आणि दोन्ही बाजूंना ऊर्जेचा एकच आकडा लिहीन.

विज्ञानशिक्षिका : आकृती मी अवश्य काढीन. पण ‘एवढी ऊर्जा नसताना तो कण आत होता तरी कसा?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर त्या घसरत्या रेषेकडे बोट दाखवून तिचे समाधान होईल, असे मला अजूनही वाटत नाही.