फोनो प्रीअँपच्या हीटरला डीसी: ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा की १५चा?

प्रश्न
फोनो प्रीअँपमध्ये (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) दोन ईसीसी८३ आणि शेवटी कॅथोड फॉलोअर (आउटपुटचा बफर) म्हणून एक ईसीसी८२ असे तीन व्हॉल्व्ह आहेत, एचटी (व्हॉल्व्हचा उच्च डीसी पुरवठा) २५० व्होल्ट. हीटर (व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणारी तार) सध्या एसीवर आहेत आणि आवाज वाढवला की हम (गुणगुण) येतो. एलएम३१७ (व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) लावून १२.६ व्होल्ट डीसी करायचंय. ट्रान्सफॉर्मर कितीचा घेऊ?

प्रतिसाद १
१५ व्होल्ट, १ अँपिअर. तिन्ही हीटर पिन ४ आणि ५ वर समांतर जोडले की ०.४५ अँपिअर लागतात. ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) ४७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर जवळपास ०.९ व्होल्ट रिपल (व्होल्टेजचा चढउतार) उरतो आणि एलएम३१७ला स्वतःसाठी अडीच व्होल्ट तरी हवेत. घरातली लाइन २०० व्होल्टवर उतरली की १२चा ट्रान्सफॉर्मर तेवढे देऊच शकत नाही. मग रिपलचे खड्डे थेट हीटरवर जातात आणि एसीपेक्षा वाईट, खरखरीत गुणगुण ऐकू येते.

ब्रिजला १एन५८२२ डायोड, कंडेन्सर ३५ व्होल्टचा. एलएम३१७च्या पिनांवर आउटपुट ते अ‍ॅडजस्ट २२० ओहम, अ‍ॅडजस्ट ते मायनस २ किलोओहम. अ‍ॅडजस्टवर १० मायक्रोफॅरड नक्की लावा, रिपल बराच दबतो. सोबत संरक्षणाला १एन४००२ डायोड, पट्टीचं टोक आउटपुटकडे. आयसी तीन-साडेतीन वॅट उष्णता टाकेल, तेव्हा हीटसिंक हवाच. त्याचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून खाली अभ्रक घाला.

प्रतिसाद २
बांधण्याआधी हम हीटरचाच आहे का ते बघा. प्रीअँप तापल्यावर फक्त हीटरचा एसी चार-पाच सेकंद तोडा. कॅथोड गरम असल्याने गाणं चालूच राहतं. हम त्याच क्षणी गेला तर दोष हीटरचा. तसाच राहिला तर ग्राउंड किंवा एचटी तपासा, डीसीने काही फरक पडणार नाही.

डीसी करूनही १०० हर्ट्झची घरघर राहिली तर बहुतेक वेळा वायरिंग चुकलेलं असतं. ब्रिज आणि पहिला कंडेन्सर यांच्यामधून चार्जिंगचे मोठे झटके वाहतात. ती मायनसची तार सिग्नल ग्राउंडशी कुठेही वाटून घेऊ नका. रेग्युलेटरचा २ किलोओहमचा रेझिस्टर आणि बाहेर जाणारा मायनस पहिल्या कंडेन्सरच्या पुढून घ्या. व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या तारांना डीसी असला तरी पीळ द्या.

प्रतिसाद १
हीटर तरंगते (कुठल्याही ठरावीक व्होल्टेजला न जोडलेले) ठेवू नका. एचटीवरून २२० किलोओहम आणि ४७ किलोओहमचा डिव्हायडर करा, साधारण ४४ व्होल्ट मिळतात. तिथे १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कंडेन्सर लावून हीटरचा मायनस जोडा. कॅथोड फॉलोअरचा कॅथोड ९०-१०० व्होल्टवर बसतो, त्यामुळे हीटर-कॅथोडमधला ताणही निम्म्यावर येतो. ही जोडणी केल्यावर हीटरचा मायनस चॅसीला लावायचा नाही, नाहीतर डिव्हायडरच शॉर्ट होतो.

प्रश्नकर्ता
पॉवर अँपमधल्या चार ईएल३४ व्हॉल्व्हच्या हीटरनासुद्धा डीसी द्यावा का?

प्रतिसाद २
नको. प्रत्येकी दीड, म्हणजे ६ अँपिअर होतात, नुसती उष्णता. तिथे सिग्नल मोठा असतो, एसी चालतो. तारांना घट्ट पीळ द्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधली तार) नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहम लावा.