ब्राँटे भगिनींची हस्तलिखितं प्रत्यक्ष कुठे बघता येतील? सल्ला हवा

सायली_सातारा
मंडळी, जूनमध्ये लेकीकडे लीड्सला जातेय. जुन्या हस्तलिखितांचा आणि पुस्तकांचा ऑनरेसफील्ड संग्रह २०२१ मध्ये लिलावातून वाचवून ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना वाटला, असं वाचलं होतं. त्यातलं ब्राँटे भगिनींचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या इंग्रज लेखिकांचं, काही बघायला मिळेल का? हाताळायची हौस नाही, काचेतून दिसलं तरी पुष्कळ. लंडनला एखादा दिवस काढता येईल.

धुकंआणिचहा
सायलीताई, लंडन राहू द्या, तुम्ही ऐन मोक्याच्या जागी उतरताय! लॉ बंधू रॉचडेलजवळचे गिरणीमालक. त्यांचा हा संग्रह पुतण्या १९३९ मध्ये वारल्यावर जवळजवळ गायबच होता. दीड कोटी पौंड उभे करून तो घेतला, त्यातले निम्मे एकट्या ब्लावात्निक या धनाढ्य देणगीदाराने दिले. ब्राँटेंचे कागद हॉवर्थचं पार्सनेज म्युझियम (ब्राँटेंचं राहतं घर), ब्रिटिश लायब्ररी आणि तुमच्या लीड्स विद्यापीठाची ब्रॉदरटन लायब्ररी यांच्यात वाटले गेले. ब्रॉदरटनची गॅलरी पार्किन्सन बिल्डिंगमध्ये आहे, प्रवेश फुकट. पण सध्या काय मांडलंय ते आधी ईमेल करून विचारा. उजेडाने शाई उडते, म्हणून वस्तू आलटून पालटून ठेवतात.

पेन्सिलचालेल
हॉवर्थ चुकवू नका. लीड्सहून कीथलीपर्यंत ट्रेन, पुढे बस. (हौस असेल तर कीथलीहून वाफेच्या इंजिनाची गाडीही आहे, नातवंडं बरोबर असतील तर तीच पकडा.) तिथल्या दोन खरेद्या विचारून बघा. शार्लट ब्राँटेचं हाताने लिहिलेलं १८३० चं ‘यंग मेन्स मॅगझिन’ २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना घेतलं. जेमतेम ३५ बाय ६१ मिलिमीटर, खेळण्यातल्या शिपायांना वाचता यावं म्हणून! दुसरं ‘अ बुक ऑफ राइम्स’, १८२९ चं, तेव्हा बाई तेरा वर्षांच्या. हे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला ५२० डॉलरला विकलं गेलं आणि मग दिसेनासं झालं. २०२२ मध्ये साडेबारा लाख डॉलरना परत मिळालं. आत दहा कविता, मुखपृष्ठावर ‘विक्रेता कोणी नाही, छपाई स्वतःची’ अशा अर्थाची ओळ. पोरगी काय फटकळ होती बघा!

जुनीपोथी
माझं मत थोडं वेगळं. ब्रिटिश लायब्ररीची ट्रेझर्स गॅलरी फुकट आहे आणि लंडनला जाणारच असाल तर दोन तास द्याच. २०१२ मध्ये ९० लाख पौंडांना घेतलेलं सेंट कथबर्ट गॉस्पेल (बायबलमधल्या एका भागाचं हस्तलिखित) मांडलेलं असलं तर चुकवू नका. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, मूळ चामडी बांधणीसकट शाबूत. मात्र ऑनलाइन कॅटलॉगच्या भरवशावर जाऊ नका, ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने त्यांचं बरंच कोलमडलं होतं.

सायली_सातारा
हॉवर्थ नक्की! ऑक्सफर्डलाही जावं का?

पेन्सिलचालेल
ब्राँटेंसाठी नको. बोडलियनने, म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने, २०१५ मध्ये कवी शेलीचं १८११ चं ‘पोएटिकल एसे’ घेतलं, एकच प्रत ठाऊक असलेलं. त्यांचं एक कोटी वीस लाखावं छापील पुस्तक! पण ते त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतं. घरी बसून, चहाबरोबर वाचा.

धुकंआणिचहा
आणि ताई, हॉवर्थला जूनमध्येही स्वेटर न्या. टेकडीवर वारा असतो.