विक्टोरिया मनालो ड्रेव्हज यांच्याविषयी

प्रश्न
१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विक्टोरिया ड्रेव्हज यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म या दोन्ही डायव्हिंग प्रकारांत सुवर्णपदके मिळवली आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ही दुहेरी कामगिरी इतकी अवघड का मानली जाते? शिवाय सुरुवातीला त्या ‘टेलर’ हे आडनाव का लावत, हेही कोणी सांगावे.

प्रतिसाद १
आडनावाची गोष्ट मला पदकांहून मोठी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत १९२४ साली जन्मलेल्या विक्टोरिया यांचे वडील फिलिपिनो आणि आई इंग्लिश होती. तिथल्या एका प्रशिक्षकाने ‘मनालो’ ऐवजी आईचे माहेरचे आडनाव लावण्यास सांगितले, कारण फिलिपिनो नावाच्या मुलीला गोऱ्यांच्या क्लबमध्ये प्रवेश मिळणे कठीण होते. गोरे आणि फिलिपिनो यांच्या विवाहाला कॅलिफोर्नियात असलेली कायदेशीर बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ऑक्टोबर १९४८मध्ये, म्हणजे त्यांनी देशासाठी दोन सुवर्णपदके जिंकल्यानंतर दोन महिन्यांनी! हा क्रम वाचून मन विषण्ण होते.

प्रतिसाद २
पहिल्या प्रश्नाविषयी सांगतो. तीन मीटरवरच्या स्प्रिंगबोर्डवर फळीची लय साधावी लागते. पाऊल क्षणभर आधी किंवा उशिरा पडले, तरी उसळी हातची जाते. दहा मीटरचा प्लॅटफॉर्म मात्र हलत नाही, तिथे पायांच्या जोरावरच झेप घ्यावी लागते आणि शरीर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. त्यामुळे एकातली सवय दुसऱ्यात उपयोगी पडेलच असे नाही. स्प्रिंगबोर्डमध्ये ड्रेव्हज यांना १०८.७४ आणि त्यांच्याच देशाच्या झोई ॲन ओल्सेन यांना १०८.२३ गुण होते. दोघींचे प्रशिक्षक एकच, विक्टोरिया यांचे पती लाइल ड्रेव्हज! पत्नी आणि शिष्या यांच्यातला अर्ध्या गुणाचा फरक पाहताना त्यांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रतिसाद ३
वरील माहितीत थोडी भर. पॅट मॅकॉर्मिक यांनी १९५२ आणि १९५६ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, तीही दुसऱ्या वेळी बाळंतपणाला काही महिनेच झालेले असताना. त्यांचे नाव अधिक घेतले जाते ते योग्यच आहे, परंतु मार्ग ड्रेव्हज यांनी दाखवला होता. २०१०मध्ये ड्रेव्हज यांचे निधन झाले. त्या जिथे वाढल्या, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या साउथ ऑफ मार्केट भागातल्या उद्यानाला आज त्यांचे नाव आहे, आणि त्यात ‘मनालो’ आहे.