रात्रीचा धिंगाणा, ११२ ची गाडी येऊन जाते, मग पुढे काय? (इंदूर)

प्रश्न – गल्लीवाली
मंडळी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री पोरं कारची दारं उघडी टाकून डेक लावतात, बाटल्या तिथेच फोडतात, सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. ११२ लावला, गाडी आली, "चलो घर जाओ" झालं, पोरं पांगली आणि गाडी वळली की परत हजर. थान्यात म्हणतात समझाइश दे दी है मॅडम. घरात आम्ही दोघीच, काय करू?

जुना_इंदूरी
ताई, त्यांचेही हात बांधलेले असतात हो. नुसत्या उपद्रवाला बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २९२, दंड १००० रुपयांपर्यंत, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास नाही, मग समझाइशच देणार ना. पण रात्री १० ते सकाळी ६ मोठा आवाज नियमातच बसत नाही, त्यावर एमपीचा १९८५ चा कोलाहल अधिनियम आहे, त्यात साउंड जप्त होतो. फोनवर "पोरं त्रास देतात" नको, "डेक आत्ता चालू आहे" सांगा, कारचा नंबर द्या. सकाळी सांगून काही उपयोग नाही, गाडी येते तेव्हा आवाज चालू पाहिजे.

मनीषा_के
आमच्याकडे चहाच्या गुमटीवरून हेच चाललं होतं. प्रत्येक फोनची तारीख-वेळ वहीत लिहिली, मग टीआयच्या (थाना प्रभारीच्या) नावाने आवेदन, खाली शेजारच्या आठ-दहा घरांच्या सह्या, आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही!! तोंडी सांगितलेलं दुसऱ्या ड्यूटीवाल्याला माहीतच नसतं, कागद फाइलला लागतो. त्यानंतर बीटवाला रात्री चक्कर मारायला लागला. सगळ्यांच्या सह्या असल्या की एकट्या तुमच्यावर कोणी डूख धरत नाही.

राऊत_काका
पोरं मोहल्ल्यातलीच असतील तर आधी त्यांच्या वडिलांशी बोला की, थान्यात नाव गेलं तर नोकरीच्या वेळी व्हेरिफिकेशनला अडतं बिचाऱ्यांचं.

जुना_इंदूरी
काका, बोलायला जायचं तर तुम्ही-आम्ही जाऊ, या दोघींनी रात्री खाली अजिबात उतरायचं नाही. आणि इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिश्नरी आहे, म्हणजे तीच पोरं पुन्हा पुन्हा सापडली तर पोलिसांचे एसीपीच बाउंड ओव्हर करू शकतात, म्हणजे नीट वागण्याचा बॉण्ड लिहून घेऊ शकतात, पूर्वीसारखं कलेक्टरीत जावं लागत नाही. तेवढं आवेदनात लिहून मागा. तरी हललं नाही तर १८१, सीएम हेल्पलाइन.

गल्लीवाली
शेजारच्या काकू सही करायला तयार आहेत, बाकीच्यांना उद्या संध्याकाळी विचारते. आवेदन हिंदीतच द्यायचं ना?

मनीषा_के
हो, हिंदीतच, आणि सासूबाईंच्या डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स जोडा.