मीडियाविकी गिटवरून टाकलंय, १.३५ वरून १.४३ ला नेताना अडकलेय

मालवणी_शब्दघर:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मावशी मिळून मालवणी शब्दांचा एक विकी चालवतो, ती शब्द सांगते, वापरून दाखवते आणि मी टाइप करते. चार वर्षांपूर्वी विकी चालवायचं सॉफ्टवेअर मीडियाविकी १.३५ गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) क्लोन करून टाकलं होतं, छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आहे, १ जीबी रॅम, उबुंटू २०.०४, पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४. काल रात्री १.४३ ची रिलीज ब्रँच (त्या आवृत्तीची कोडची शाखा) चेकआउट केली आणि कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवणारं साधन) इन्स्टॉल चालवलं तर आधी पीएचपी जुनं आहे म्हणून थांबलं, तो चेक टाळून परत चालवलं तर बराच वेळ काहीतरी चाललं आणि शेवटी नुसतं 'किल्ड' छापून बंद. आता साइट उघडली की पांढरं पान. डेटाबेस अपडेटची स्क्रिप्ट अजून चालवलेली नाही. झील (मुलगा), चेडू (मुलगी) सगळ्यांनाच माहितेय, पण यात असे खूप शब्द आहेत जे आमच्या वाडीत आता मावशीशिवाय कोणाच्या तोंडी नाहीत. खरंच घाबरलेय, काय करू?

सर्व्हरवाला_दादा:
ताई, अपडेट स्क्रिप्ट चालवली नाहीत हे फार बरं झालं, म्हणजे डेटाबेस जसाच्या तसा आहे, बिघडलाय तो फक्त कोड. आधी साइट परत उभी करा. १.३५ ची ब्रँच परत चेकआउट करा, व्हेंडर (लायब्ररींचं) फोल्डर उडवा आणि गिट सबमॉड्यूल (मुख्य कोडला जोडलेले वेगळे कोडसाठे) अपडेट चालवा, इनिट आणि फोर्स लावून. रिलीज ब्रँचमध्ये व्हेंडर, स्किन आणि सोबत येणारी एक्स्टेन्शन्स (जोड सुविधा) सबमॉड्यूल म्हणूनच असतात त्यामुळे कंपोझरची गरजच नाही. तुमचं 'किल्ड' आलं ते रॅम संपली म्हणून, कर्नलने प्रोसेस मारली.

साइट दिसली की लगेच डम्प (सगळ्या डेटाबेसची एक फाइल) घ्या, आणि इथे नीट लक्ष द्या. लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डीबी टेबल ऑप्शन्सची ओळ बघा, बहुतेक कॅरॅक्टर सेट बायनरी असेल. असेल तर मायएसक्यूएल डम्पलाही डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट बायनरी असंच सांगा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, डम्प घेताना सेट चुकला की रिस्टोअर केल्यावर शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आणि डम्पची फाइल बनली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका, लॅपटॉपवर रिस्टोअर करून चार पानं डोळ्यांनी वाचा. इमेजेस फोल्डर वेगळं कॉपी करा, ते गिटमध्ये नसतं.

पुणेरी_टर्मिनल:
वरचं सगळं बरोबर. पुढचं सांगतो, त्याच सर्व्हरवर अपग्रेड करू नका. १.४३ ला पीएचपी ८.१ तरी लागतं आणि १.३५ पीएचपी ८ साठी बनलेलंच नाही, त्यामुळे पीएचपी बदललं की जुनं गेलं आणि नवं अजून उभं नाही अशी मधेच लटकायची वेळ येते. उबुंटू २४.०४ चा नवा व्हीपीएस घ्या, त्यात पीएचपी ८.३ येतं. जुन्या विकीत रीड-ओन्लीची ओळ टाका म्हणजे मधल्या काळात कोणी लिहिलेलं हरवणार नाही, मग डम्प, इमेजेस आणि लोकलसेटिंग्ज नव्याकडे न्या. तिथे ती रीड-ओन्लीची ओळ आठवणीने काढा नाहीतर अपडेट स्क्रिप्टलाही डेटाबेसमध्ये लिहिता येत नाही. १.४० पासून ती स्क्रिप्ट मेंटेनन्समधल्या रन डॉट पीएचपीमधून चालवतात. १.३५ वरून थेट १.४३ चालतं, कारण दोन एलटीएस (जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या) मागेपर्यंतची सोय ठेवलेली आहे, १.३१ वर असतात तर मधे थांबावं लागलं असतं. आणि मास्टर ब्रँचला हात लावू नका, तिथे चालू डेव्हलपमेंट असतं आणि एकदा डेटाबेस पुढे गेला की मागे आणायची वाट नाही, फक्त बॅकअप.

घरचा_सर्व्हर:
एवढं करण्यापेक्षा टारबॉल (सगळ्या कोडची तयार दाबलेली फाइल) का नाही वापरत? त्यात व्हेंडर आणि स्किन सगळं तयार येतं, मी वर्षानुवर्षं तेच करतेय.

पुणेरी_टर्मिनल:
टारबॉल वाईट नाहीच, पण ज्यांनी कोडमध्ये कुठे एखादी ओळ बदललीय त्यांना गिट डिफमध्ये ती लगेच दिसते, टारबॉल वर टाकला की ती पुसली जाते आणि कळतही नाही. शिवाय १.४३ ला डिसेंबर २०२७ पर्यंत सिक्युरिटी पॅच येणार आहेत, त्याच ब्रँचवर पुल, सबमॉड्यूल अपडेट आणि अपडेट स्क्रिप्ट, पाच मिनिटांचं काम. १.३५ चे पॅच २०२३ मध्येच थांबले, म्हणून ताईंनी हे आताच उरकावं असं मला मनापासून वाटतं.

मालवणी_शब्दघर:
सगळ्यांचे खूप आभार. जुनी साइट सबमॉड्यूलने परत आली, डम्प लॅपटॉपवर रिस्टोअर केला आणि मावशीला शेजारी बसवून पानं वाचून घेतली, एकही अक्षर फुटलेलं नाही. नव्या सर्व्हरवर अपडेट स्क्रिप्ट पहिल्यांदा एका जुन्या एक्स्टेन्शनवर अडकली, ते मी वेगळं क्लोन केलेलं आणि अजून १.३५ च्याच ब्रँचवर होतं, त्याची १.४३ ची ब्रँच घेतल्यावर पार पडली. स्टॅटिस्टिक्सच्या पानावर दोन्हीकडे पानांचा आकडा सारखाच आहे. डोमेन उद्या सकाळी वळवते, जुना व्हीपीएस महिनाभर तसाच ठेवणार आहे.